हवा मानवली, पण कुणाला?

मराठीत ‘हवापालट’ हा एक शहाणा शब्द आहे. आजारातून उठलेल्या माणसाला पूर्वी डॉक्टर सांगायचे, महिनाभर हवापालट करून या. मग तो माणूस पाचगणीला नाहीतर कोकणात मामाकडे जायचा आणि चेहऱ्यावर जरा तेज आलं की परत यायचा. परत येणं त्या शब्दात गृहीत आहे. हवा पालटायची, घर नाही.

इंग्रजीत मात्र गेल्या दीडशे वर्षांत असं बरंच लेखन झालं, ज्यानं हवापालटातलं हे परतीचं तिकीट फाडून टाकलं. बर्फाळ प्रदेशातल्या वाचकाला ते सांगतं की इकडे या, कायमचे या, इथं जानेवारीत गुलाब फुलतात. फ्रान्सच्या रिव्हिएराबद्दल असं लिहिलं गेलं, फ्लोरिडाबद्दलही लिहिलं गेलं. पण माझ्या वाचनात सगळ्यात जोरकस लेखन आलं ते दक्षिण कॅलिफोर्नियाबद्दल. त्यातली चार पुस्तकं मी गेल्या दोन हिवाळ्यांत वाचली. चार्ल्स नॉर्डहॉफचं १८७२ चं मार्गदर्शक पुस्तक, हेलन हंट जॅक्सनची ‘रमोना’ (१८८४), नॅथॅनिएल वेस्टची ‘द डे ऑफ द लोकस्ट’ (१९३९) आणि ऑक्टेविया बटलरची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ (१९९३). पहिलं पुस्तक ऊन विकतं. दुसऱ्याला ते विकायचं नव्हतं, तरी विकलं गेलं. तिसरं विकत घेणाऱ्याला हसतं. चौथं त्या उन्हात जन्मलेल्या बाईनं लिहिलंय.

माझा मुद्दा थोडक्यात असा: सौम्य हिवाळा म्हणून जो आपल्याला भुरळ घालतो, तो खरं तर दोन जागांमधला फरक असतो. फरक विकता येतो, पण माणसाला राहावं लागतं ते जागेत. फरकापाशी थांबलेली पुस्तकं जाहिरात बनतात, लेखकाच्या मनात असो वा नसो. फरकाची सवय झाल्यावर काय उरतं, हे ज्यांनी पाहिलं ती पुस्तकं अजून वाचवतात.

पळायचं कशापासून?

हे लेखन मराठी वाचकाला सुरुवातीला जरा परकं वाटतं, कारण आपण थंडीपासून कधी पळालोच नाही. आपली थंडी गुलाबी. हुरडा, शेकोटी, सकाळी ओट्यावर कोवळं ऊन खात बसणं, हे सगळं आपल्या आवडत्या ऋतूचं सामान आहे. आपण पळतो ते उन्हापासून, आणि तेही वर, डोंगरावर. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर जॉन माल्कम यानं १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर वसवलं ते गोऱ्या साहेबांना उन्हाळा सोसेना म्हणून. त्याच शतकात त्यांचेच भाऊबंद लंडनच्या धुक्यातून निघून ऊन शोधत नीसला जात होते. समाज एकच, पण एक टोळी उन्हाकडे निघालेली आणि दुसरी उन्हापासून. ‘चांगली हवा’ म्हणजे काय, ते आपण कुठून निघालो त्यावर ठरतं.

माझ्या पिढीतल्या अनेक मराठी इंजिनिअरांना थंडी शत्रू म्हणून पहिल्यांदा भेटते ती अमेरिकेत. मी शिकागोजवळच्या एका उपनगरात तीन हिवाळे काढलेत. जानेवारीत तिथं भर दुपारीही पारा शून्याच्या आसपास रेंगाळतो. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे दुपारची मीटिंग संपवून खिडकीकडे पाहावं तर बाहेर रात्र. रस्त्यावरच्या मिठानं बुटांवर पांढरे डाग पडतात आणि सकाळी गाडीची काच खरवडताना बोटं बधिर होतात. अशा वेळी सॅन डिएगोला असलेला कॉलेजातला मित्र ग्रुपवर टी-शर्टमधला समुद्राचा फोटो टाकतो. त्या दिवशी जो तो तिकडच्या जागांची भाडी बघतो.

कंपनीच्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ऑफिसात बदली मागायचा विषय मी ग्रुपवर काढला, तेव्हा एकानं लिहिलं, “फक्त वेदरसाठी?” त्या ‘फक्त’ शब्दानं मला या पुस्तकांकडे नेलं. हवेसाठी घर बदलणं ही हलकी गोष्ट आहे का? या चारही पुस्तकांना मी हाच प्रश्न विचारत गेलो.

प्रामाणिक विक्रेता

नॉर्डहॉफ हा न्यूयॉर्कचा पत्रकार. १८६९ मध्ये रेल्वेनं अमेरिकेचा पूर्व भाग पॅसिफिकच्या बाजूला जोडला आणि तीन वर्षांत त्याचं पुस्तक आलं: ‘कॅलिफोर्निया: फॉर हेल्थ, प्लेझर अँड रेसिडेन्स’. नावातल्या तीन शब्दांचा क्रम बघा. आरोग्य, मौज, वास्तव्य. आधी खोकला घेऊन या, मग जरा फिरा, मग जमीन घ्या. फ्री ट्रायल देऊन हळूच वर्षाचं सबस्क्रिप्शन गळ्यात मारणाऱ्या ॲपचा हा जुना अवतार आहे.

पण नॉर्डहॉफला हसण्याआधी त्याचा वाचक कोण होता ते आठवायला हवं. दक्षिण कॅलिफोर्निया आजारी माणसांसाठी कसा आहे, यावर त्यानं वेगळं लिहिलंय. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं दाखवला तो १८८२ मध्ये, आणि क्षयावर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन आलं १९४० च्या दशकात. मधल्या सगळ्या काळात डॉक्टरांच्या हातात मुख्यतः विश्रांती, खाणंपिणं आणि हवा हेच होतं. नॉर्डहॉफच्या अनेक वाचकांसाठी हवा हेच औषध होतं, आणि ‘फक्त हवेसाठी?’ असं त्यांना कुणी विचारलं नसतं. म्हणून त्याच्या गद्यात थिल्लरपणा नाही. प्रवास, जमिनी, पिकं यांबद्दल तो व्यवहारी माणसासारखं बोलतो. विक्रेता आहे, पण हिशेब दाखवणारा.

त्याची उणीव वेगळी आहे. तो ती जागा सतत वाचकाच्या घराशी ताडून पाहतो. तुमच्याकडे बर्फ आहे, इथं नाही. तुमच्याकडे झाडं बोडकी झालीत, इथं संत्री लागलीत. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर तो तुम्हाला डेल्टा दाखवतो. मूळ आकडा काय आहे, तो कशानं टिकतो, हे पाहायला पाहुण्याला वेळ नसतो.

याच फरकावर एक शहर उभं राहिलं. १८७२-७३ चा हिवाळा इंडियाना राज्यात कडाक्याचा गेला. इंडियानापोलिसमधल्या काही कुटुंबांनी ठरवलं की पुरे झालं. त्यांनी संघ काढला, एक माणूस जमीन बघायला पुढे पाठवला आणि लॉस एंजेलिसजवळ जुन्या सॅन पास्क्वाल रँचोचा तुकडा घेऊन १८७४ मध्ये वसाहत केली. पुढच्या वर्षी तिला नाव मिळालं: पासाडिना. हा शब्द तिथल्या मूळच्या टोंगवा लोकांच्या भाषेतला नाही. तो आला ओजिब्वे भाषेतून, म्हणजे मिनेसोटा-मिशिगनकडच्या, बर्फात राहणाऱ्या लोकांच्या भाषेतून. हिवाळ्याला कंटाळून आलेल्या माणसांनी आपल्या उन्हाच्या गावाला हिवाळ्याच्या मुलखातून नाव मागवलं. गावाच्या पाटीवरही फरकच लिहिला गेला, जागा नाही.

पुढे १ जानेवारी १८९० ला तिथल्या एका क्लबनं फुलांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक काढली. तीच आजची रोझ परेड. नववर्षाचा मुहूर्त साधण्यामागचं गणित उघड होतं. पूर्वेकडचे लोक बर्फात अडकलेले असताना इथं गुलाब फुललेत, हे त्यांना दिसलं पाहिजे. माझ्या मित्राचा टी-शर्टवाला फोटो ही याच मिरवणुकीची छोटी आवृत्ती.

‘रमोना’चं काय झालं?

हेलन हंट जॅक्सन स्वतः प्रकृतीसाठी हवा बदललेली बाई. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेली, पुढे कोलोरॅडोला राहायला गेलेली. १८८१ मध्ये तिनं अमेरिकी सरकारनं आदिवासींशी केलेल्या विश्वासघातांवर एक पुस्तक लिहिलं. त्याचा हवा तसा परिणाम होईना, तेव्हा तिनं कादंबरीचा मार्ग धरला. ‘अंकल टॉम्स केबिन’नं गुलामगिरीविरुद्ध जे केलं, ते दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आदिवासींसाठी आपल्या कादंबरीनं करावं, अशी तिची इच्छा होती.

गोष्ट कठोर आहे. रमोना ही निम्मी आदिवासी, निम्मी स्कॉटिश रक्ताची अनाथ मुलगी. मोठ्या रँचवर वाढते आणि अलेसांद्रो या आदिवासी तरुणावर प्रेम करते. त्याचं गाव गोऱ्यांच्या ताब्यात जातं. जिथं जिथं ते दोघं संसार मांडतात, तिथून त्यांना हुसकलं जातं. तो मनानं खचतो, भ्रमिष्ट होतो आणि एका गोऱ्या माणसाच्या गोळीला बळी पडतो. शेवटी रमोना मेक्सिकोला निघून जाते. म्हणजे हिच्याकरता तो सुंदर किनारा राहण्याजोगाच उरत नाही.

आणि वाचकांनी यातून काय घेतलं? रँचवरची फुलं, व्हरांडे, घंटा आणि ऊन. रमोनाचं घर कुठलं, लग्न कुठं झालं, हे शोधत पर्यटक यायला लागले. गावाला तिचं नाव मिळालं. हेमेट इथं १९२३ पासून तिच्या गोष्टीचा खुला नाट्यप्रयोग होत आलाय. निषेध म्हणून लिहिलेली कादंबरी जमिनीच्या दलालांच्या कामी आली. जॅक्सन १८८५ मध्येच वारली, त्यामुळे यातलं फारसं तिला पाहावं लागलं नाही.

नेहमी दोष वाचकांना दिला जातो. मला वाटतं, थोडा कादंबरीचाही आहे. जॅक्सन अन्याय सांगते तेव्हा तिचा आवाज वकिलासारखा होतो. सकाळचं ऊन सांगते तेव्हा मात्र ती स्वतः त्यात रमलेली असते. वाचक लेखकाच्या मुद्द्यामागे जात नाही, त्याच्या आनंदामागे जातो. आयोवात स्टोव्हपाशी बसून ‘रमोना’ वाचणाऱ्याला आधी ऊन जाणवणार आणि मग अलेसांद्रो. शिवाय तिनं ऊन आणि अन्याय वेगवेगळ्या पानांवर ठेवले. जमीन हिसकावली गेली ती हवा इतकी चांगली होती म्हणूनच, हे तिच्या वाक्यांत एकत्र येत नाही. त्या हवेचं गिऱ्हाईक वाढत होतं. १८८० मध्ये लॉस एंजेलिसची लोकसंख्या होती ११,१८३. दोन रेल्वे कंपन्यांच्या भांडणात १८८७ मध्ये मध्य-पश्चिमेतून तिथं जायचं तिकीट थोडा वेळ एका डॉलरपर्यंत उतरलं. १८९० मध्ये लोकसंख्या ५०,३९५ झाली आणि १९०० मध्ये १,०२,४७९.

आयोवाचा होमर

१९०७-०८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या संत्री उत्पादकांची संस्था आणि सदर्न पॅसिफिक रेल्वे यांनी मिळून जाहिरातीचा मोठा प्रयोग केला. त्यासाठी निवडलं आयोवा राज्य. थंड, शेतीवाडीचं, हातात पैसा असलेलं. आरोग्यासाठी संत्री, संपत्तीसाठी कॅलिफोर्निया, अशा अर्थाची घोषणा होती. एकाला फळ विकायचं होतं, दुसऱ्याला तिकीट. मंडळी इतकी आली की लाँग बीच या गावाला लोक ‘समुद्राकाठचं आयोवा’ म्हणू लागले. आयोवाकरांच्या सहली भरायच्या. बागेत आयोवाच्या ९९ काउंटींच्या पाट्या लागायच्या आणि आपापल्या पाटीखाली लोक गावची माणसं शोधायचे. आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ‘तुम्ही सांगलीचे का?’ विचारत फिरणारे काका ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. थंडी सोडून आलेली माणसं थंडीतल्याच गावाच्या नावाखाली जमत होती.

नॅथॅनिएल वेस्टच्या कादंबरीतला होमर सिम्प्सन याच आयोवाचा. (हो, कार्टूनच्या कितीतरी आधीचा.) चाळिशीचा, एका हॉटेलात वीस वर्षं हिशेब लिहिलेला. न्यूमोनिया होतो, डॉक्टर कॅलिफोर्नियाला जा म्हणतात, तो येतो. घर भाड्यानं घेतो आणि मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसतो. समोर एक सरडा माश्या पकडत असतो, तो बघत राहतो. खुर्ची जराशी वळवली असती तर खाली पसरलेलं शहर दिसलं असतं. पण त्याला ते सुचत नाही.

हा प्रसंग मला या सगळ्या साहित्यातला सगळ्यात भेदक वाटतो. हवा मिळाली, आता काय? फरकाची सवय झाल्यावर माणूस जिथं उरतो, तिथं वेस्ट कॅमेरा ठेवतो. आपली त्वचा असो की मन, दोन्हींना बदल कळतो, पातळी कळत नाही. पहिल्या जानेवारीत ऊन हा चमत्कार असतो. पाचव्या जानेवारीत तो नुसता मंगळवार असतो. कादंबरीत अशा माणसांची गर्दी आहे. आयुष्यभर राबून, पैसे साठवून ऊन घ्यायला आलेली आणि ऊन पुरत नाही हे कळल्यावर चिडलेली. शेवटी एका सिनेमाच्या प्रीमियरबाहेर हीच गर्दी हिंसक होते. नायक टॉड हॅकेट हा चित्रकार ‘द बर्निंग ऑफ लॉस एंजेलिस’ नावाचं मोठं चित्र काढायच्या तयारीत असतो. दंगलीत सापडल्यावरही त्याच्या डोळ्यांपुढे तेच असतं.

निदान अचूक, पण वैद्याला रोग्याची शिसारी आहे. वेस्ट न्यूयॉर्कचा. होमरसारखीच त्यानंही हॉटेलात नोकरी केलेली, आणि हॉलिवूडला आला तो स्टुडिओच्या पगारासाठी. पैशासाठी आलेला माणूस हवेसाठी आलेल्याला पोकळ ठरवतो, हे मला पटत नाही. होमरला न्यूमोनिया झाला होता, हे वेस्ट एकदा सांगतो आणि पुढे त्याचं शरीर म्हणजे फक्त विनोदाचं साहित्य करतो. त्याचे ते हात, त्याचं अवघडलेपण. वीस वर्षं हिशेब लिहून फुप्फुसं गमावलेल्या माणसाला ऊन हवंसं वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे? ग्रुपवरच्या त्या ‘फक्त’ला वेस्टचा आवाज आहे. करिअरसाठी शहर बदललं तर महत्त्वाकांक्षा, शरीराला बरं वाटावं म्हणून बदललं तर उथळपणा. हा हिशेब कुणी लावून दिला?

जानेवारीतला वारा

ऑक्टेविया बटलरचा जन्म १९४७ मध्ये पासाडिनात झाला. ऊन तिला कुणी विकलं नव्हतं, ते जन्मापासून होतंच. आई लोकांच्या घरी काम करायची. पासाडिनाचं ऊन सगळ्यांना सारखं पडत होतं, पण त्या उन्हात पोहायचा तलाव सारखा नव्हता. बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन याच गावात वाढला. त्याच्या लहानपणी तिथल्या सार्वजनिक तलावात गोरे नसलेल्यांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश होता. घरं कुणाला विकायची याचेही करार होते. पुढे काळ्या कुटुंबांना घरं घेता आली ती मोठ्या प्रमाणावर शेजारच्या अल्टाडेनाच्या पश्चिम भागात, डोंगराच्या पायथ्याशी.

‘पॅरेबल ऑफ द सोअर’ सुरू होते जुलै २०२४ मध्ये, लॉस एंजेलिसजवळच्या रोब्लेडो या काल्पनिक गावात. पंधरा वर्षांची लॉरेन डायरी लिहितेय. पाणी पेट्रोलपेक्षा महाग आहे. पाऊस वर्षानुवर्षं आलेला नाही, आणि येतो तेव्हा लोक भांडी मांडून बसतात. वस्तीभोवती भिंत आहे. एक दिवस ती भिंत पडते आणि लॉरेन चालायला लागते, उत्तरेकडे, जिथं पाऊस पडतो तिकडे. दीडशे वर्षं सगळी पुस्तकं ज्या दिशेनं माणसं आणत होती, बटलर त्याच्या उलट चालवते.

इतर तीन पुस्तकांत हवा म्हणजे देखावा, औषध किंवा भ्रम. बटलरच्या पुस्तकात हवेला भाव असतो. ऊन आहे म्हणजे पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणजे ज्याच्याकडे आहे त्याच्या दाराशी रांग आहे. लॉस एंजेलिसमध्ये वर्षाला साधारण ३६० मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या जवळपास निम्मा, आणि तोही बहुतेक सगळा हिवाळ्यात. म्हणजे तिथला हिवाळा हाच खरा पावसाळा. पाहुण्याला हवा असलेला कोरडा, उजळ जानेवारी म्हणजे तिथल्या जमिनीच्या दृष्टीनं चुकलेला पाऊस. शहरानं १९१३ मध्ये पावणेचारशे किलोमीटरवरच्या ओवेन्स खोऱ्यातून पाणी आणलं आणि तिकडचं तळं आटलं. नॉर्डहॉफच्या हिशेबात नसलेला आकडा हा.

दुसरा आकडा वाऱ्याचा. हिवाळ्याच्या महिन्यांत आतल्या वाळवंटी पठारावर हवेचा दाब वाढला की ती हवा डोंगर उतरून समुद्राकडे धावते. उतरताना दाबली जाते, दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते आणि कोरडी होत जाते. हे सांता आना वारे. जानेवारीतला एखादा दिवस तिकडे एकदम उबदार आणि काचेसारखा स्वच्छ असतो तो कित्येकदा यांच्यामुळे. फोटोतलं ऊन आणि वणव्यातली आग एकाच वाऱ्यावर येतात.

७ जानेवारी २०२५ ला, म्हणजे त्या वर्षीच्या रोझ परेडनंतर सहा दिवसांनी, तेच झालं. आधीचे दोन हिवाळे भरपूर पावसाचे गेल्यामुळे झुडपं माजली होती. २०२४ च्या मे महिन्यानंतर तिकडे जवळपास पाऊसच नव्हता. पॅलिसेड्सच्या वणव्यानं समुद्राकाठची श्रीमंत वस्ती खाल्ली आणि ईटनच्या वणव्यानं अल्टाडेना. दोन्ही मिळून १६ हजारांहून अधिक इमारती गेल्या. बटलरच्या कादंबरीत १ फेब्रुवारी २०२५ च्या डायरीत आगीची नोंद आहे. ते पान लोकांनी एकमेकांना पाठवलं आणि तिला द्रष्टी म्हणायला लागले.

हा गौरव मला आळशी वाटतो. द्रष्टी म्हटलं की तिच्या कामाचा हिशेब मांडावा लागत नाही. ती गाडी चालवत नसे. बसनं आणि पायी फिरणारी बाई होती, आणि वर्तमानपत्रांची कात्रणं साठवायची. डोंगराच्या पायथ्याचं गाव पायी फिरणाऱ्याला उतार, वारा, वाळलेलं गवत कळतं. तिला भविष्य दिसलं नव्हतं. तिला जागा दिसली होती. १९९९ मध्ये ती सिएटलजवळ राहायला गेली, अमेरिकेतल्या पावसासाठी प्रसिद्ध असलेल्या भागात. २००६ मध्ये वारली आणि पुरली गेली अल्टाडेनातच. तिची कागदपत्रं आज पासाडिनाशेजारच्या हंटिंग्टन लायब्ररीत आहेत. ज्या हेन्री हंटिंग्टननं ट्राम आणि जमिनीच्या धंद्यातून हा उन्हाचा मुलूख वसवला, त्याच्याच हवेलीच्या आवारात.

बटलरमध्येही एक गोष्ट खटकते. लॉरेन इतकी तयारीची आहे, बियाणंसुद्धा आधीच बांधून ठेवलेली, की ज्यांनी तयारी केली नाही ते जणू स्वतःच्या दोषानं मेले असं अधूनमधून वाटतं. अल्टाडेनात गेलेली माणसं बेसावध होती म्हणून गेली नाहीत. पण ऊन, पाणी, आग आणि माणसाचा रंग हे चारही एकाच वाक्यात आणणं जॅक्सनला जमलं नव्हतं, वेस्टला सुचलं नव्हतं. ते बटलरनं केलं.

मग जायचं की नाही?

मला या साहित्यातून ‘जाऊ नका’ असा निष्कर्ष काढायचा नाही. इंडियानातली ती कुटुंबं मूर्ख नव्हती, होमर मूर्ख नव्हता, आणि फेब्रुवारीत भाड्याच्या साइट उघडून बसणारे आम्हीही नाही. उजेडाची भूक खरी असते. चार महिने अंधारात ऑफिसला जाऊन अंधारात परत येणाऱ्या माणसाला विचारा.

तक्रार आहे ती पुस्तकं वाचायच्या पद्धतीबद्दल. ऊन विकणाऱ्या मजकुराची फॅशन बदलली, पण क्रम नॉर्डहॉफचाच राहिला: आरोग्य, मौज, वास्तव्य. आज तो रीलमध्ये येतो, ‘लिव्हेबल’ शहरांच्या यादीत येतो, एचआरच्या बदलीच्या मेलमध्ये येतो. यात चौथा शब्द नसतो: देखभाल. ती आज सगळ्यात स्पष्टपणे मांडणारा मजकूर म्हणजे विमा कंपनीचं पत्र. वणव्याआधीच तिथल्या काही मोठ्या विमा कंपन्यांनी हजारो घरांच्या पॉलिसींचं नूतनीकरण थांबवलं होतं. त्या कोरड्या पत्रात नॉर्डहॉफचं पुस्तक उलट्या बाजूनं वाचायला मिळतं. हवा तीच, पण आता ती फरकाच्या नाही, जागेच्या भाषेत लिहिलेली.

मराठीतला आणखी एक शब्द इथं कामाला येतो. आपण म्हणतो, तिथली हवा त्याला ‘मानवली’. हवा चांगली की वाईट हे त्यात येत नाही. ती कुणाला मानवली, हे यावंच लागतं. त्या माणसाशिवाय हे वाक्य पुरं होत नाही. जाहिरात नेमका तो ‘कुणाला’ गाळते. उन्हाच्या किनाऱ्याबद्दलचं कुठलंही पुस्तक, लेख किंवा मित्राचा फोटो समोर आला की मी हल्ली आधी तोच शब्द भरून बघतो. इंडियानाच्या शेतकऱ्याला मानवली, अलेसांद्रोला नाही. जॅकी रॉबिन्सनला आठवड्यातून एक दिवस. ही यादी करत गेलं की जागा दिसायला लागते. ती दिसल्यावरही जावंसं वाटलं, तर खुशाल जावं. निदान खुर्ची कुठल्या दिशेला ठेवायची, ते ठाऊक असेल.